चालीत न बसलेला जवाब

माझ्या डाव्या कानात सतत एक बारीक 'स्स' चालू असतो. डॉक्टर म्हणतात, वय झालं. मी म्हणतो, कॅसेट. गाणं सुरू व्हायच्या आधी कोऱ्या फितीचा जो आवाज येतो, तो हेडफोन लावून इतकी वर्षं ऐकला की आता तो कायमचा मुक्कामाला आला आहे. संपादकांनी 'धंद्यातल्या गमतीजमती लिहा' म्हणून गळ घातली तेव्हा खरं सांगायचं तर कंटाळा आला. गमती फार थोड्या, बाकी सगळं फीत गुंडाळणं. पण एक गोष्ट अजून मनातून जात नाही, ती लिहून टाकतो आणि मोकळा होतो.

रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. ज्यांनी कॅसेट हातात धरलेली नाही त्यांना हा धंदा समजावून सांगावा लागतो. गिऱ्हाईक आवडीची गाणी सांगायचं, आणि मी ती माझ्याकडच्या निरनिराळ्या कॅसेटींवरून शोधून एका कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचो. कायद्याने बघायला गेलं तर हे सगळं बेकायदाच, पण गिऱ्हाइकांत वकीलही असत. यंत्र म्हणजे डबल डेक. एका खणात वाजते, दुसऱ्या खणात भरते. सगळी करामत पॉजच्या बटणात. लवकर दाबलं तर गाण्याचं शेपूट तुटतं, उशिरा दाबलं तर पुढच्या गाण्याचं डोकं आत येतं. माझा उजवा अंगठा त्या बटणावर म्हातारा झाला.

कॅसेटच्या मागच्या कडेला दोन चिमुकल्या पट्ट्या असतात. भरलेलं चुकून पुसलं जाऊ नये म्हणून त्या मोडून टाकायच्या. एरवी भरायचं म्हणजे वाजवायचं आणि रेकॉर्डिंगचं अशी दोन्ही बटणं एकदम दाबायची, पण पट्ट्या मोडल्या की रेकॉर्डिंगचं बटण दाबलंच जात नाही. त्याच कॅसेटवर पुन्हा भरायचं असेल तर त्या भोकावर चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. कितीतरी लग्नांतल्या मंगलाष्टका अशा चिकटपट्टीपायी कायमच्या गेल्या.

गिऱ्हाइकांचे नमुने काय सांगावेत. एका आंबेवाल्याला कुत्र्याच्या भुंकण्याची कॅसेट हवी होती. बागेत वानर फार, राखणीला माणूस मिळेना, तेव्हा लाऊडस्पीकरवर कुत्रा लावायचा अशी त्याची युक्ती. मी शेजारच्या मोत्याला बिस्किटं दाखवून दाखवून एक बाजू भरून दिली. थोड्याच दिवसांत गडी परत हजर. कॅसेट खराब निघाली म्हणे. वानरं आता स्पीकरवरच येऊन बसतात. मी म्हटलं, कॅसेट चांगली आहे, वानरं हुशार आहेत. तो पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढला नाही.

आमचा खरा शत्रू बुरशी. कोकणातल्या पावसात फितीवर पांढरा थर चढतो आणि आवाज आतल्या आत मरतो. म्हणून कपाटात चोवीस तास एक पिवळा बल्ब पेटता ठेवायचा, तेवढ्या उबेवर कॅसेटी जगत. एका पावसाळ्यात वादळाने वीज गेली ती बरेच दिवस आलीच नाही, आणि खालचा खण सगळा गेला. त्या खणात मी स्वतः गावोगाव जाऊन भरलेल्या मूळ कॅसेटी होत्या. नमन, भजनं आणि जाखडी. बाजारात मिळणारी गाणी पुन्हा आणता येतात. ही कुठून आणणार? त्या दिवशी मी जेवलो नाही एवढंच आठवतं.

जाखडी आमच्याकडचा नाच. एका पायात चाळ बांधलेले गडी गोल धरून नाचतात आणि मधे शाहीर मृदंग-झांजांवर गातो. यात दोन पक्ष. शक्तीवाले म्हणतात देवी मोठी, तुरेवाले म्हणतात शिव मोठा. दोन पार्ट्या समोरासमोर आल्या की त्याला सामना म्हणतात. एक शाहीर गाण्यातून सवाल टाकतो, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. सुरुवात पुराणातून होते आणि हळूहळू एकमेकांची सालटी निघतात. लोक खरे येतात ते सालटी बघायला.

धाकू शाहीर शक्तीवाले. आतल्या बाजूच्या एका वाडीतला भातशेती करणारा माणूस, अंगाने काटकुळा, पण आवाज असा की माईक हातभर लांब ठेवावा लागे. त्यांची कॅसेट गणपतीत हातोहात खपायची. मुंबईला परतणारे चाकरमानी मोदकांबरोबर धाकू शाहीर बांधून नेत. तुऱ्याच्या बाजूने त्यांच्यासमोर वर्षानुवर्षं एकच माणूस उभा राहिला, देवरुखकडचे लक्ष्मण शाहीर. हे दोघे कधी एकमेकांच्या घरी पाणी प्यायले नाहीत, पण एकाची जाहिरात दुसऱ्याच्या नावाशिवाय लागत नसे.

आता इक्बालकडे वळतो. इक्बाल बोटीवर इंजिनात कामाला होता. सुट्टीवर आला की परदेशातल्या बंदरांत घेतलेल्या कॅसेटी माझ्याकडे आणायचा आणि बदल्यात जुनी हिंदी गाणी भरून न्यायचा. अठ्ठ्याण्णव साल असेल, त्याने अमेरिकेतल्या कॅसेटींची एक पिशवीच आणून ओतली. हे हिपहॉप, आणि तेही जुनं, अस्सल, असं तो एखाद्या मालवणी माणसाने सुरमई दाखवावी तसं सांगत होता. मी ऐकलं. डोकं दुखलं. एकच ढोलाचा तुकडा पुन्हापुन्हा येतो आणि त्यावर एक माणूस भरभर बोलतो. याला गाणं म्हणायचं तर आमच्या स्टँडवर कर्ण्यातून गाड्या पुकारणाऱ्या कंट्रोलरने काय पाप केलं होतं?

पण पावसाळ्यात दुकानात माशी फिरकत नाही, म्हणून इक्बाल बसून सांगत राहिला आणि मी ऐकत राहिलो. ही गरीब वस्तीतली पोरं. वाद्यं घ्यायला पैसे नाहीत. मग दोन तबकड्या घेऊन गाण्यातला नुसता ढोलाचा तुकडा आलटून पालटून वाजवत ठेवायचा, आणि एकाने माईक धरून त्यावर आपलं म्हणणं मांडायचं. ज्यांच्याकडे तबकड्यांचं यंत्रही नव्हतं ते घरच्या डबल डेकवर पॉजचं बटण दाबून दाबून तोच तुकडा जोडत, असंही तो म्हणाला. तिथे मी कान टवकारले. गाण्याचं मला प्रेम नव्हतं, बटणाचं होतं. इक्बाल गेल्यावर मी वरच्या खणात उरलेल्या, जाखडीचा नुसता मृदंग भरलेल्या एका कॅसेटमधून तुकडा घेतला आणि जोडत बसलो. सांधा कळणार नाही असा तुकडा जोडायला मला अख्खी संध्याकाळ लागली. मृदंग गोल गोल फिरू लागला. कशासाठी केलं म्हणाल तर काही नाही, आपल्याला जमतं का ते बघायला.

पुढच्या वर्षी पेरण्या उरकल्यावर धाकू शाहीर दुकानात आले आणि मी त्यांना ओळखलं नाही. गळ्याला मफलर. मुंबईला मोठं ऑपरेशन झालेलं, घशातली गाठ काढलेली. आवाजाच्या जागी सुकी पानं चुरगळावीत तशी खरखर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोललात तर हरकत नाही, गाणं मात्र विसरा. ते बाकावर बसले आणि त्यांनी जी मागणी केली ती ऐकून मला भडभडून आलं. येत्या गणपतीत लक्ष्मण शाहिरांबरोबर सामना ठरला होता. त्यांचं म्हणणं, जुनी कॅसेट पडद्याआड लावायची आणि ते नुसते ओठ हलवतील.

मी म्हटलं, शाहीर, लोकांना तुमची कॅसेट तोंडपाठ आहे, पहिल्याच ओळीला हसतील. शिवाय नवा सवाल जुन्या कॅसेटमध्ये कुठून येणार? नवा सवाल तयार होता, तो त्यांनी मनातल्या मनात बांधला होता. दुसऱ्या कुणी गावा तर पार्टीत तसा गळा नाही, आणि रिवाजही तसा नाही. सवाल शाहिराच्याच तोंडून यावा लागतो. उभं राहिलं नाही तर हार धरली जाते. आणि शाहीर हरला तर गडी दुसऱ्या पार्टीत जातात, चाळ खुंटीला लागतात. धाकू शाहिरांना मुलगा नव्हता, शेती जेमतेम. त्या माणसाचं सगळं काही त्या रिंगणात होतं.

मी उठून इक्बालची ती हिपहॉपची कॅसेट लावली.

ते हनुवटी छातीला टेकवून ऐकत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "भाऊ, ह्यो गातो कवा?"

मी म्हटलं, गात नाही, असंच असतं.

"नुस्ता बोलतोच हाय. कुनासंगं भांडान झाला हाय ह्याचा?" असं म्हणून ते उठले, छत्री घेतली आणि गेले. मला वाटलं, संपलं.

पण बाजाराच्या दिवशी ते पुन्हा आले. 'तो भांडकुदळ लाव' म्हणाले. या वेळी त्यांचं बोट बाकावर वाजत होतं. मग एकाएकी थांबून म्हणाले की हा कितीही भटकला तरी समेवर बरोबर येतो, हा अडाणी नाही. तो म्हणतोय काय हे मात्र मला सांगता येईना. त्या वेगाचं इंग्रजी माझ्या बापालाही कळलं नसतं. योगायोगाने इक्बाल सुट्टीवर होता, त्याला बोलावून घेतलं. इक्बालने एकेक ओळ थांबवून सांगितली. हा म्हणतो माझ्याएवढा कवी कुणी नाही. हा म्हणतो या कलेची सुरुवात आमच्या वस्तीत झाली. आणि ही दुसरी कॅसेट दुसऱ्या वस्तीतल्याची, तो म्हणतो साफ खोटं, सुरुवात आमच्याकडे झाली, तू कालचा पोर.

धाकू शाहिरांनी दोन्ही कॅसेटी हातात घेऊन उलट्यासुलट्या केल्या. "म्हंजे ह्यो शक्तीवाला नि ह्यो तुरेवाला," ते म्हणाले, आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. पण लगेच चेहरा उतरला. "पन ह्येला चाल न्हाय भाऊ. चाल न्हाय तर सवाल न्हाय."

मी माझा मृदंगाचा तुकडा लावला. तो त्यांच्याच पार्टीचा मृदंग होता, त्यांचा गळा शाबूत असतानाचा. फिरत राहिला. मी माईक त्यांच्या अगदी ओठांशी नेला, जवळ धरलेला माईक खरखरीलाही वजन देतो हे मला धंद्यामुळे ठाऊक. मग ते त्या मोडक्या आवाजात सवाल बोलून गेले, शब्द न् शब्द मृदंगावर ठेवत. इक्बालने माझ्याकडे पाहिलं. मी यंत्राकडे पाहत राहिलो, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते दाखवायचं नव्हतं.

तयारीत कटकटी झाल्याच. मृदंगवाला त्यांचा पुतण्या. त्याला सांगितलं, हा एवढाच तुकडा वाजव, मधे कलाकुसर नको. तो भडकला. मला बोटं आहेत, यंत्रासारखं कशाला वाजवू, म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं. तरी काकासाठी वाजवला.

सामना एका शाळेच्या पटांगणात होता. दिवेलागणीला दोन्ही पार्ट्या उभ्या राहिल्या. सामना भरून घ्यायला मी माझा डेक घेऊन मंचाच्या कडेला. आधी गण, मग गवळण, ती पार्टीतल्या गड्यांनी कशीबशी रेटली. मग धाकू शाहीर माईकपाशी आले, मफलर काढून खांद्यावर टाकला, आणि त्या घोगऱ्या आवाजात सवाल टाकला. सगळा आता आठवत नाही, शेवट आठवतो:

"आईनं कंठ दिला, आईनं परत नेला,
सांग रं तुरेवाल्या, शाहीर मागं काय उरला?"

सुरुवातीला कुणीतरी 'गा की' म्हणून ओरडला, शिट्ट्या झाल्या. मग गलका कमी होत होत सगळं पटांगण गप्प झालं. मला वाटलं, जिंकलो.

लक्ष्मण शाहीर माईकवर आले. चेहऱ्यावर काही नाही. शांतपणे म्हणाले की समोरच्या शाहिरांचा आम्हाला आदर आहे, पण सवाल चालीत नाही, आणि जो सवाल चालीत नाही त्याला जवाब देण्याचा आमचा रिवाज नाही. आणि त्यांनी आपली गवळण धरली. अशी गायली की आमच्या बाजूचे गडीसुद्धा ठेका धरू लागले. त्यांनी धाकू शाहिरांची टर उडवली असती तर परवडलं असतं. जवाबच नाही म्हणजे सवालच झाला नाही, सवाल झाला नाही म्हणजे शाहीर उभाच राहिला नाही.

परतीच्या टेम्पोत धाकू शाहीर एवढंच म्हणाले, "बराबर बोलला तो. मी बी ह्येच बोललो असतो." मला मात्र राग आवरेना. लक्ष्मण शाहिरांचा, इक्बालचा, आणि समुद्रापलीकडच्या त्या पोरांचा ज्यांना चाल नसली तरी चालत होतं. सामन्याची कॅसेट दुकानात नेऊन फळीवर टाकली आणि तिच्या पट्ट्या मोडल्या, का ते माहीत नाही. दिवाळीपर्यंत पार्टी फुटल्याचं कळलं. पुतण्या मुंबईला गेला.

आंब्याच्या दिवसांत एका दुपारी लक्ष्मण शाहीर दुकानात आले. ते माझ्याकडे कधी गाणी भरून घेत नसत. त्यांनी त्या सामन्याची कॅसेट मागितली. मी जरा तुसडेपणानेच म्हटलं, तुमची गवळण छान आली आहे, भरून देतो. ते म्हणाले, माझी नको, त्याचा सवाल लाव. लावला. डोळे मिटून ऐकला. पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा ऐकला.

मग म्हणाले, "जवाब त्या दिवशीपण होता माझ्याजवळ. पण चालीत बसेना. बसवाया गेलो की खोटा व्हायचा."

उठून पंखा बंद केला, त्याची घरघर फितीत उतरते. मी कपाटातून मृदंगाच्या तुकड्याची कॅसेट काढली, हेडफोन त्यांच्या कानाला लावला, माईक जवळ केला. एवढा गोड गळ्याचा माणूस, पण बोलायला लागल्यावर अडखळला. दोनदा मात्रा सुटली. मी म्हटलं, पुन्हा घेऊ का? नको म्हणाले, असाच जाऊ दे. ते जे बोलले त्याचा शेवट असा:

"कंठ गेला तुझा धाकू, निम्मा माझाही गेला,
समोर तूच नसशील तर लक्ष्मण कसला शाहीर उरला?"

त्या आठवड्यात दुकान अर्धा दिवस बंद ठेवून मी एसटीने धाकू शाहिरांच्या वाडीवर गेलो. ते पडवीत बसून दोरी वळत होते. मुंबईहून कुणीतरी पाठवलेला टेपरेकॉर्डर घरात होता, तो बाहेर आणून मी कॅसेट लावली. लक्ष्मण शाहिरांचा आवाज आला तेव्हा दोरी वळणारे हात थांबले. संपल्यावर त्यांनी पुन्हा लावायची खूण केली. दुसऱ्यांदा संपलं तेव्हा त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले.

"मात्रा चुकला दोनदा," ते शेवटी म्हणाले.

मी म्हटलं, हो, चुकले.

"कोरी कॅसेट आनलीस?"

नव्हती आणली, आणि जवाबाच्या कॅसेटच्या दोन्ही बाजू आधीच भरलेल्या. जन्मभर कोऱ्या कॅसेटी विकल्या आणि त्या दिवशी खिशात एक नव्हती. जाऊन उद्या घेऊन येतो म्हटलं. ते उठले, आत गेले आणि देव्हाऱ्याच्या फळीवरून एक कॅसेट घेऊन आले. वरचं चित्र उडालेलं, पण मी ती लांबूनच ओळखली. त्यांचीच, माझ्या दुकानातली, चाकरमानी बांधून नेत त्यातली एक. मूळ कॅसेट माझ्या खालच्या खणात बुरशीने गेलेली. लोकांकडच्या प्रती वाजवून वाजवून कधीच्या झिजल्या असणार. तो आवाज धडसा उरला असेल तर एवढ्याच कॅसेटमध्ये.

"हिच्यावर भर," ते म्हणाले.

मी तिच्या मागच्या कडेवर बोट फिरवलं. पट्ट्या मोडलेल्या होत्या, मीच मोडल्या होत्या. मी सांगायचा प्रयत्न केला, शाहीर, उद्यापर्यंत थांबा, ही पुसली तर परत कुठे मिळणार नाही, तुमचा गळा आहे हा. त्यांनी ऐकून घेतलं. मग त्या खरखरीत म्हणाले, "त्या गळ्याला आता लक्षुमन काय इचारनार? त्यो इचारतोय ह्या गळ्याला. लाव चिकटपट्टी."

चिकटपट्टी त्यांच्या घरी नव्हती. औषधाच्या पेटीत मलमपट्टीची चिकट फीत सापडली, ऑपरेशनच्या वेळची. तिचा तुकडा कापून मी भोकावर दाबला. धाकू शाहीर पाटावर नीट बसले, पाटाच्या कडेवर बोटांनी ठेका धरला, आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

मी दोन्ही बटणं एकदम दाबली.